शिंगाच्या जखमेत पडलेल्या अळ्या

प्रश्न : आमच्या बैलाचे उजवे शिंग झुंजीत मुळापाशी मोडले. रक्त थांबावे म्हणून हळद भरून फडके बांधले होते. पाचव्या दिवशी घाण वास आला म्हणून फडके सोडले, तर आत अळ्या वळवळत होत्या. फिनेल ओतल्यावर काही बाहेर पडल्या. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच दिसल्या आणि आता नाकपुडीतून लालसर पाणी गळते. काय करावे? गायही व्यायला आली आहे. तिच्या वासराची काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नाकातून पाणी येते आहे, त्या अर्थी जखमेत काहीही ओतणे ताबडतोब थांबवावे आणि आजच पशुवैद्यकांना बोलवावे. मोठ्या जनावराच्या शिंगातील हाड आतून पोकळ असते आणि ती पोकळी कपाळाच्या हाडातील पोकळीला, तेथून पुढे नाकाला जोडलेली असते. ओतलेले फिनेल याच वाटेने आत उतरते, नाजूक अस्तर भाजते आणि भाजलेले मांस कुजून जखम अधिकच चिघळते. रॉकेल आणि पेट्रोल यांचेही तेच. ही सवय गावोगाव आहे आणि ती मोडायलाच हवी.

अळ्या पुन्हा का दिसल्या, तेही समजून घ्यावे. आपल्याकडे जनावरांच्या जखमांत अळ्या घालणाऱ्या माश्यांपैकी क्रायसोमिया बेझियाना ही निळसर-हिरवी, चकाकणारी माशी सर्वांत घातक आहे, कारण तिच्या अळ्या जिवंत मांसावरच पोसतात. ती जखमेच्या कोरड्या कडेवर एका वेळी सुमारे 150 ते 200 अंडी घालते. 12 ते 24 तासांत अळ्या बाहेर येतात आणि डोके मांसात खुपसून आत शिरतात. त्यांची श्वासाची छिद्रे मागच्या टोकाला असल्याने तेवढा भाग वर राहतो. त्यामुळे वरून ओतलेल्या औषधाने वरच्या थरातील अळ्या निघतात, खोल गेलेल्या तशाच राहतात. शिवाय वास सुटलेल्या जखमेवर माश्या पुन्हा पुन्हा येऊन अंडी घालतात.

शिंगाची जखम पशुवैद्यकांनीच बैलाला गुंगी देऊन धुवावी. पाठ, खांदा किंवा पाय यांवरील उथळ जखमेत मात्र टर्पेंटाइन तेलात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा काही मिनिटे ठेवावा. श्वास कोंडून अळ्या वर येतात, त्या चिमट्याने एकेक काढाव्यात. मेलेल्या अळ्या आत राहू देऊ नयेत. काढलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात टाकाव्यात, कारण पूर्ण वाढलेली अळी मातीत शिरून कोष करते आणि त्यातून माशीच बाहेर पडते. नंतर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुऊन पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि कडेने माशी न बसू देणारे मलम किंवा फवारा वापरावा. जखम भरेपर्यंत रोज पाहावी. वरून खपली धरलेली जखमही आतून पोखरलेली असू शकते.

आयव्हरमेक्टिन या परजीवी मारणाऱ्या औषधाचे इंजेक्शन उपयोगी आहे, पण ते वजनाप्रमाणे आणि पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच द्यावे. ज्या गाईचे दूध घरात किंवा डेअरीत जाते, तिला ते देऊ नये. विण्याच्या तोंडावर आलेल्या गाईलाही नाही.

वासराच्या बाबतीत खरा धोका बेंबीचा. नाळ पोटापासून दोन-तीन बोटे अंतरावर स्वच्छ दोऱ्याने बांधून खाली कापावी, टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी आणि सुकेपर्यंत रोज लावत राहावे. वासरू सतत पोटाकडे मान वळवत असेल, दूध पीत नसेल, बेंबी ओली दिसत असेल, तर लगेच आडवे पाडून तपासावे. विताना गाईला इजा झाली असेल, तर तिचे निरणही (योनीद्वार) रोज पाहावे. खच्चीकरण, शिंगे काढणे, कानात बिल्ला मारणे ही कामे पावसाळ्यात टाळून हिवाळ्यात करावीत. गोचिडांच्या चाव्याची आणि लाळ्या-खुरकुतात खुरांमध्ये पडणारी जखम लहान दिसली, तरी माशीला तेवढी पुरते. म्हणून पावसाळाभर संध्याकाळी जनावर बांधताना चारही खुरे, कानांच्या मुळाशी आणि शेपटीखाली पाहूनच दावे बांधावे.