घाटात लुकलुकलेला पिवळा दिवा

तुम्ही विचारलंय की केरीहून चोर्ला घाट चढताना डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा दोन-तीनदा लुकलुकला आणि मग आपोआप गेला, तर गाडी गॅरेजला न्यायची का? नको. लुकलुकला म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोलने (टीसी, चाक जागच्या जागी गरगरू न देणारी यंत्रणा) काम केलं.

चारही चाकांचा वेग मोजणारे सेन्सर असतात, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वापरतो तेच. इंजिनाच्या जोरावर फिरणारं एखादं चाक इतरांपेक्षा वेगात फिरू लागलं की ते जागच्या जागी गरगरतंय हे गाडीच्या लक्षात येतं. मग इंजिनाचा जोर कमी होतो, त्या चाकाला ब्रेकही लागतो. एक्सिलरेटर दाबूनही गाडी क्षणभर मरगळली असेल तर ती यामुळेच. मिरगाच्या पहिल्या सरींत रस्त्यावरचं तेल आणि तांबडी धूळ मिळून जो चिखल होतो, त्यावर असं होणारच. वेग कमी ठेवा. टायर गुळगुळीत झाले असतील तर आधी ते बदला, दिव्याला बोल लावू नका.

दिवा सतत पेटून राहिला तर मात्र गोष्ट वेगळी. आधी बघा, टीसी बंद करायचं बटण चुकून दाबलं गेलंय का. बॅटरी काढून जोडल्यावरही काही गाड्यांत तो राहतो. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून थोडं अंतर चालवलं की बहुधा जातो. नाहीच गेला आणि सोबत एबीएसचाही लागला, तर संशय चाकाच्या सेन्सरवर.

माझ्या गाडीला डिचोलीत नेमकं हेच झालं. एका गॅरेजने पूर्ण एबीएस युनिट बदला म्हणून सांगितलं, आकडा ऐकून मी गाडी परत आणली. दुसऱ्या मेकॅनिकने स्कॅनर लावला, बिघाड कुठे आहे ते सांगणारा कोड मागच्या डाव्या चाकाचा निघाला. कनेक्टर उघडला तर आतल्या पिनांवर हिरवट भुकटी! पाणी शिरून गंज धरला होता. साफ करून परत जोडल्यावर दिवा गेला. म्हणून आधी कोड काढून घ्या, पार्ट नंतर.

दोन्ही पिवळे दिवे असतील तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबले तर चाकं लॉक होऊ शकतात. पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा आणि सावकाश घरी या. ब्रेकचा लाल दिवाही पेटला तर मात्र गाडी तिथेच बाजूला घ्या.

आणि एक. कुळागरात (सुपारीच्या बागेत) जाताना चिखलात रुतलात तर टीसी बंद करूनच गाडी काढा, नाहीतर ही यंत्रणा जोरच लावू देत नाही. बाहेर आल्यावर परत चालू करा. मी एकदा विसरलो आणि साखळीपर्यंत हा दिवा जात का नाही म्हणून बायकोजवळ कुरकुरत आलो.