इडा लुपिनो : अभिनेत्री आणि दिग्दर्शिका

प्रश्न : इडा लुपिनो ही इंग्रज अभिनेत्री केवळ योगायोगाने दिग्दर्शनाकडे वळली, असे वाचनात आले. ते कितपत खरे आहे? त्यांचे चित्रपट पाहायचे झाल्यास सुरुवात कोठून करावी?

उत्तर : योगायोग घडला हे खरे, परंतु सारे श्रेय त्याला देणे लुपिनो यांच्यावर अन्याय करणारे आहे. १९४९ मध्ये ‘नॉट वाँटेड’ या चित्रपटाच्या वेळी दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन यांना हृदयविकाराचा झटका आला आणि चित्रीकरणाची सूत्रे लुपिनो यांनी हाती घेतली. श्रेयनामावलीत नाव मात्र क्लिफ्टन यांचेच राहिले. ही हकिगत सर्वत्र सांगितली जाते. त्या चित्रपटाच्या पटकथेत आणि निर्मितीत लुपिनो यांचा सहभाग आधीपासून होता, हे मात्र सांगायचे राहून जाते.

त्यांचा जन्म १९१८ साली लंडनमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या रंगभूमीवर वावरलेल्या घराण्यात झाला. वडील स्टॅन्ली लुपिनो नामवंत विनोदी नट होते. इडा किशोरवयातच हॉलिवूडला गेल्या आणि पुढे वॉर्नर ब्रदर्सशी करारबद्ध झाल्या. मनाला न पटणाऱ्या भूमिका त्या नाकारत आणि त्यापायी कंपनी त्यांना निलंबित करी. त्या सक्तीच्या रिकाम्या काळात त्यांनी दिग्दर्शक आणि संकलक कसे काम करतात, याचे बारकाईने निरीक्षण केले. माझ्या मते त्यांचे खरे शिक्षण येथेच झाले.

पती कॉलियर यंग यांच्यासह काढलेल्या ‘द फिल्ममेकर्स’ या छोट्या निर्मितीसंस्थेतून त्यांनी असे विषय हाताळले, ज्यांना मोठे स्टुडिओ सहसा हात लावत नसत. ‘नॉट वाँटेड’मध्ये अविवाहित मातेची कथा आहे, तर ‘नेव्हर फिअर’मध्ये पोलिओ झालेल्या नर्तिकेची, लुपिनो यांना स्वतःला १९३४ मध्ये पोलिओ झाला होता. १९५० चा ‘आउटरेज’ बलात्कारावर आहे. तत्कालीन सेन्सॉरच्या नियमांमुळे चित्रपटात तो शब्द उच्चारता येत नव्हता. तरीही घटनेनंतर भोवतालच्या माणसांच्या नजरा त्या तरुणीला कशा असह्य होतात, हे त्यांनी ज्या समजुतीने दाखवले आहे, ती समजूत आजही दुर्मीळ आहे.

१९५३ मध्ये त्यांचे दोन चित्रपट आले. ‘द बिगॅमिस्ट’मध्ये त्यांनी स्वतःच्याच दिग्दर्शनाखाली प्रमुख भूमिका केली. दुसरा ‘द हिच-हायकर’ हा बिली कुक या खुन्याच्या गुन्ह्यांवर आधारलेला आहे. मासेमारीला निघालेले दोन मित्र वाटेत एका अनोळखी माणसाला गाडीत घेतात आणि त्याच्या पिस्तुलाखाली ओलीस राहतात. त्याचा एक डोळा मिटतच नाही, त्यामुळे तो झोपला आहे की जागा, हे त्यांना कळत नाही. एवढ्या एका तपशिलातून लुपिनो यांनी उभा केलेला ताण अभ्यासण्याजोगा आहे.

संस्था बंद पडल्यानंतर त्यांचे बरेचसे दिग्दर्शन दूरचित्रवाणीसाठी झाले. ‘द ट्वायलाइट झोन’ या मूळ मालिकेचा भाग दिग्दर्शित करणाऱ्या त्या एकमेव स्त्री. चित्रपटगृहांसाठीचा त्यांचा शेवटचा चित्रपट, ‘द ट्रबल विथ एंजल्स’, १९६६ चा आहे; तो प्रसन्न आहे, पण त्यावरून त्यांची ताकद कळत नाही. म्हणून आपण प्रथम ‘द हिच-हायकर’ पाहावा आणि त्यानंतर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, ‘आउटरेज’.