१४२८५७ ही संख्या जादूची का म्हणतात? तिला २ ते ६ ने गुणलं तर तेच आकडे फिरून येतात आणि ७ ने गुणलं तर ९९९९९९, असं का?

जादू बघायची तर १४२८५७ कडे बघू नका, सातच्या भागाकारातल्या बाक्यांकडे बघा.

मला ही संख्या पहिल्यांदा दिसली ती दुकानातल्या आठ आकडी कॅल्क्युलेटरवर. १ ला ७ ने भागलं तर ०.१४२८५७१ आलं. शेवटचा तो १ बघून वाटलं, गाडी परत पहिल्या स्टेशनावर आली की काय! मग वहीच्या मागच्या पानावर हाताने भागाकार केला.

तुम्हीही करा. १० ला ७ ने भागा: भाग १, बाकी ३. त्या ३ वर शून्य घ्या, ३० झाले: भाग ४, बाकी २. २० ला भाग २, बाकी ६. ६० ला ८, बाकी ४. ४० ला ५, बाकी ५. ५० ला ७, बाकी १. आणि १ वर शून्य घेतलं की पुन्हा १०. बाक्यांची रांग झाली १, ३, २, ६, ४, ५. सातने भागताना शून्य सोडून याच सहा बाक्या असू शकतात आणि इथे एकही सुटत नाही.

आता २ ला ७ ने भागायचं म्हणजे याच रांगेत २ जिथे आहे तिथून चालायला लागायचं. तिथून पुढचे भाग २, ८, ५, ७, १, ४. म्हणून १४२८५७ × २ = २८५७१४. तिपटीसाठी ३ पासून निघा: ४२८५७१. गुणाकार करावाच लागत नाही.

९९९९९९ तर त्याहून सोपं. वरचा भागाकार म्हणजे दहा लाखाला ७ ने भागणंच, भाग १४२८५७, बाकी १. ती बाकी दहा लाखातून काढून टाका, झालं.

मला सगळ्यात आवडतं ते मात्र वेगळंच. रांगेचे दोन तुकडे करा, १, ३, २ आणि ६, ४, ५. एकाखाली एक ठेवले तर प्रत्येक जोडीची बेरीज ७. त्यामुळे भागाच्या आकड्यांतही १ खाली ८, ४ खाली ५, २ खाली ७, बेरीज नऊ. म्हणजे १४२ + ८५७ = ९९९. शिवाय वर्ग करून बघा: २०४०८१२२४४९. तो मधे तोडा, २०४०८ + १२२४४९, पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात, आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांवरून.

हे सगळं आपण दहाच्या हिशेबात मोजतो म्हणून. आठच्या हिशेबात, म्हणजे दहाऐवजी आठ झाले की पुढचं घर घ्यायचं ठरवलं, तर १/७ म्हणजे नुसतं ०.१११..., काहीच मजा नाही. दहातही प्रत्येक मूळ संख्या असं करत नाही. १३ च्या बारा बाक्या दोन वेगळ्या रांगांत वाटल्या जातात, म्हणून १/१३ मधल्या ०७६९२३ ची दुप्पट १५३८४६, आकडेच बदलले. १७ मात्र सगळ्या सोळा बाक्या एका दमात घेतो: ०५८८२३५२९४११७६४७. सुरुवातीचं शून्य टाकू नका, नाहीतर खेळ बिघडतो. पुढे १९, २३, २९ हेही त्यातलेच. अशा मूळ संख्या कधी संपत नाहीत, असा अंदाज एमिल आर्टिन या गणितज्ञाने १९२७ मध्ये मांडला. तो अजून कोणाला सिद्ध करता आलेला नाही.