ठाण्याचे चार फ्रान्सिस्कन आणि चीनमधला मठ

प्रश्न : मुलांना घेऊन वसईचा किल्ला बघायला गेले होते. तिथल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये एक गृहस्थ भेटले. म्हणाले, ठाण्यात मारले गेलेले चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातले ख्रिस्ती धर्मबंधू) याच मठातले, त्यांच्या अस्थीही याच फरशीखाली आहेत. खरं आहे का हे?
– एक वाचक भगिनी, नालासोपारा

उत्तर : नाही ताई. दोन गोष्टींची गल्लत झाली आहे, आणि मधली दोनशे वर्षं गळाली आहेत. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली. किल्ल्यातला मठ त्यानंतरचा. तिथल्या फरशीतल्या अक्षरं कोरलेल्या शिळा पोर्तुगीज काळातल्या थडग्यांच्या. ठाण्याचं प्रकरण १३२१ चं.

ते चौघे म्हणजे तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डेमेट्रियस. निघाले होते कोल्लमला, पण वाऱ्याने जहाज ठाण्याला आणलं. उतरले एका नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती कुटुंबात. त्या घरात नवऱ्याने बायकोला मारलं, ती काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांची नावं सांगितली. चौकशी भांडणावरून धर्मावर घसरली आणि चौघांचाही जीव गेला.

त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस हा डोमिनिकन, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती संघातला धर्मबंधू, तेव्हा ठाण्यात नव्हता, म्हणून वाचला. परत येऊन त्याने मृतदेह सोपाऱ्याला नेले आणि तिथे पुरले. म्हणजे तुमच्याच गावात! वसईच्या फरशीखाली अस्थी शोधणाऱ्यांना सोपारा ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

थोड्याच वर्षांत ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन इकडे आला आणि त्या अस्थी घेऊन चीनकडे निघाला. वाटेत जहाजाचा वारा पडला. खलाशांनी आपापल्या देवांना आळवलं, यानेही प्रार्थना केली, पण शीड काही फुगेना. शेवटी त्याने नोकराकरवी एक हाड नाळेवरून गुपचूप समुद्रात टाकलं आणि मग वारा सुटला, असं तो स्वतःच सांगतो. उरलेल्या अस्थी त्याने झैतून बंदरात, म्हणजे आजच्या च्वानचौमध्ये, आपल्या संघाच्या स्वाधीन केल्या.

त्या चौघांच्या काळातला मध्ययुगीन मठ होता तो तिथे, चीनमध्ये. झैतूनमध्ये फ्रान्सिस्कनांची दोन घरं होती. पेरुजियाचा आंद्रेआ हा तिथला बिशप १३२६ च्या पत्रात लिहितो, की शहराबाहेर पाव मैलावर झाडीत त्याने चर्च आणि बावीस जणांना पुरेल असा मठ बांधला. खर्चाला चीनच्या मंगोल बादशहाकडून नेमणूक मिळत होती. भारतात मारल्या गेलेल्या आपल्या चार बांधवांचा उल्लेखही त्या पत्रात आहे. १३६८ मध्ये मंगोल सत्ता गेली, तसा हा संघही तिथून नाहीसा झाला. १९४६ मध्ये आंद्रेआच्या थडग्याची लॅटिन लेखाची शिळा च्वानचौमध्ये सापडली. मठ मात्र विस्मरणात गेला तो गेलाच.

मुलांना वसईचाच फ्रान्सिस्कन सांगायचा असेल तर गोन्सालो गार्सिया सांगा. जन्म वसईचा, संघात गेला मनिलात, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये रोमने त्याला संत म्हणून जाहीर केलं.