घरी काडतुसं भरताना चुका कशा टाळाव्यात?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासला असता, सिंगल स्टेज प्रेस (एका वेळी एकच टप्पा करणारं हाताचं यंत्र) घेतलाय, .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरायला सुरुवात केलीये आणि चुकांची धास्ती वाटते. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत क्वालिटी तपासणीचं काम करतो. त्याआधी सहा वर्षं ओहायोत होतो आणि शनिवारी एका सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दोघं मिळून काडतुसं भरायचो.

आपल्याकडच्या वाचकांना आधी सांगतो, हे भारतात करू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो, बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

आता तुमचं. .३८ ची पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची, काळ्या दारूच्या हिशेबाने लांब केलेली. आजची जलद जळणारी धूरविरहित पावडर तिच्यात तळाशी थोडीशीच बसते. म्हणून एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडली तरी ती ओसंडत नाही, वरून सगळं ठीक दिसतं. आणि असा एकच बार रिव्हॉल्व्हर फोडायला पुरतो. यावर मला पटलेला उपाय म्हणजे अधिकृत लोड मॅन्युअलमधून (कुठल्या गोळीला कुठली पावडर किती, हे सांगणारं पुस्तक) अशी पावडर निवडायची, जी अर्ध्याहून जास्त पुंगळी भरते. मग दुसऱ्यांदा ओतलीत तर ती सांडतेच. कारखान्यात आम्ही याला पोका-योके म्हणतो: माणूस चुकला तरी चूक पुढे जाऊच शकत नाही.

दुसरी सवय ५० भोकांच्या लाकडी ठोकळ्याची. सगळ्या पुंगळ्यांत पावडर भरून झाली की टॉर्च तिरका धरून एकेका ओळीत पातळी बघा. त्यानंतरच गोळ्या बसवा. एकदा गोळी बसली की वजन करून चूक पकडू म्हणाल तर ते जमत नाही, कारण पुंगळी आणि गोळी यांच्या वजनातला फरकच कधी कधी पावडरीच्या वजनाएवढा भरतो.

आमची चूक उलटी होती. मधेच फोन वाजला, सहकारी उठला, परत येऊन पुढच्या पुंगळीपासून सुरू केलं. एक पुंगळी पावडरीविना राहिली. रेंजवर नेहमीच्या धडाक्याऐवजी नुसतं ‘फट्’ झालं. माझं बोट पुढच्या बारासाठी ट्रिगरवर गेलंही होतं. तो ओरडला म्हणून थांबलो. नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी पावडर पेटवणाऱ्या टोपीच्या, जोरावर गोळी नळीत शिरून अडकली होती. त्यामागून दुसरी झाडली असती तर नळी फाटली असती. आवाज किंवा धक्का जरा वेगळा वाटला की थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळी आरपार बघा. मधे उठावं लागलंच तर हातातल्या पुंगळीतली पावडर परत ओता आणि तो ठोकळा पहिल्या भोकापासून तपासा.

टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा ठेवा. काम संपलं की उरलेली त्याच डब्यात परत. बिनलेबलच्या बाटलीतली पावडर कुणी कितीही खात्रीने दिली तरी वापरू नका, नुसतं बघून पावडर ओळखता येत नाही. मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या लोडपासूनच, म्हणजे पावडरीच्या सगळ्यात कमी मापापासूनच, चढा, आणि गोळीचा प्रकार बदलला की तो आकडा पुन्हा बघा.

पावडरीचा वजनकाटा दर वेळी तपासणीच्या वजनाने पडताळा. पावडर ग्रेनमध्ये मोजतात; १ ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आणि पंख्याच्या वाऱ्यानेही इलेक्ट्रॉनिक काटा हलतो. आमच्याकडे शिफ्टचा पहिला जॉब गेजने मोजल्याशिवाय मशीन पुढे चालवत नाहीत, तसंच हे.

गोळ्या आणि प्रायमरमधल्या विषारी शिशाचंही बघा. टेबलाजवळ चहा-खाणं नको, उठल्यावर साबणाने हात धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर काम करताना घातलेले कपडे वेगळे धुवा.