पहिल्या वर्षी बेंचवर बसलेली डिफेंडर

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी सॉकरमध्ये, म्हणजे आपल्या फुटबॉलमध्ये, सेंटर-बॅक (मधली बचावपटू) खेळते, शाळेच्या आणि क्लबच्या टीमची कॅप्टन होती. या फॉलपासून (शरद ऋतूतल्या सेमिस्टरपासून) पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवरच्या, कॉलेजात थोडी स्कॉलरशिप घेऊन मेकॅनिकल इंजिनिअरिंग करतेय. अख्ख्या सीझनमध्ये तीन सामने मिळून जेमतेम 40 मिनिटं खेळली. तिच्या रूममेटला मात्र प्रत्येक मॅचला उतरवतात. आता ती म्हणते, ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकते. तिचे बाबा कोल्हापूरचे, फुटबॉलवेडे. तेच म्हणतायत, सॉकर सोड आणि अभ्यास कर. मी कोणाची बाजू घेऊ? कोचना ईमेल करू का? – एक आई

उत्तर : नमस्कार ताई,

तूर्तास कोणाचीच बाजू घेऊ नका. आणि ईमेल तर अजिबात करू नका.

आधी त्या 40 मिनिटांचं बघू. तिची रूममेट फॉरवर्ड किंवा विंगर असणार, पैज लावते. कॉलेज सॉकरमध्ये बदली खेळाडूंचे नियम सैल आहेत: पहिल्या हाफमध्ये बाहेर गेलेली मुलगी दुसऱ्या हाफला परत येऊ शकते, आणि दुसऱ्या हाफमध्येही बाहेर गेलेलीला एकदा परत येता येतं. म्हणून कोच पुढच्या फळीतल्या मुली आलटून पालटून उतरवतात, समोरच्या टीमला दमवतात. मागच्या फळीला मात्र सहसा कोणी हात लावत नाही. कोणी कुठे उभं राहायचं, ऑफसाइडची रेषा कधी वर न्यायची, हे त्या चौघींचं आपसात ठरलेलं असतं. फॉरवर्डचा शॉट हुकला तर लोक ‘अरेरे’ म्हणून विसरतात, सेंटर-बॅकचा पास हुकला तर तो स्कोअरबोर्डवर दिसतो. त्यामुळे पहिल्या वर्षाची डिफेंडर बहुतेकदा कोणी जखमी झालं, कोणाला रेड कार्ड मिळालं किंवा सामना हातात आला, तरच उतरते. 40 मिनिटांवरून तुमच्या मुलीचा खेळ कसा आहे ते कळत नाही, तिच्यापुढे रांगेत कोण आहे एवढंच कळतं.

ती रांग तुम्हाला घरबसल्या बघता येईल. कॉलेजच्या साइटवर टीमचं रोस्टर उघडा. प्रत्येक नावापुढे फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सीनिअर (पहिलं ते चौथं वर्ष) असं लिहिलेलं असतं. मग शेवटच्या चार-पाच सामन्यांचे बॉक्स स्कोअर (कोण किती खेळलं याचे तक्ते) काढून दोन्ही सेंटर-बॅक कोणत्या इयत्तेच्या आहेत ते पाहा. दोघी सीनिअर असतील, तर येत्या फॉलला जागा रिकामी होतेय आणि आत्ता निघून जाणं म्हणजे दारातून परत फिरणं. दोघी सोफोमोर असतील, तर मुलीचं म्हणणं खरंच विचार करण्यासारखं आहे. तरीही निर्णय कोचशी बोलल्यावरच.

सीझन संपला की बहुतेक कोच प्रत्येकीला एकटीला बोलावतात. तिथे ‘मला का खेळवलं नाही’ असं विचारू नये, कारण त्याला साचेबंद उत्तर मिळतं. ‘पुढच्या फॉलला तुम्ही मला कुठल्या जागेवर बघता, आणि तोवर माझ्या खेळात काय बदललं पाहिजे?’ असं विचारावं. ‘हवेतले बॉल जिंकत नाहीस’, ‘डाव्या पायाने पास देत नाहीस’ असं काही नेमकं ऐकायला मिळालं, तर कोचच्या डोक्यात तिच्यासाठी काही आहे. ‘मेहनत करत राहा’ एवढंच मिळालं, तर तेही उत्तरच समजा. आईचा ईमेल गेला, तर हे बोलणं कधीच मोकळेपणाने होणार नाही.

पोर्टलबद्दल मुलीला एक गोष्ट नीट समजावून सांगा: नाव टाकलं, की चालू टर्म संपल्यावर स्कॉलरशिप काढून घेण्याची मुभा सध्याच्या कॉलेजला मिळते. शिवाय कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्यावरून झालेल्या ‘हाउस’ खटल्यातल्या 2025 च्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या कॉलेजांना महिला सॉकरच्या टीममध्ये 28 पेक्षा जास्त खेळाडू ठेवता येत नाहीत. पूर्वी काही टीममध्ये 30 च्या वर मुली असायच्या. म्हणजे जागा कमी झाल्या आणि पोर्टलमध्ये गर्दी वाढली. त्या गर्दीत 40 मिनिटांचा व्हिडिओ घेऊन उभं राहणं सोपं नाही. पोर्टलच्या तारखा आणि तिचे किती सीझन शिल्लक आहेत, हे तिने कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसकडून (खेळाचे नियम सांभाळणाऱ्या विभागाकडून) लेखी घ्यावं. मैत्रिणींच्या ऐकीव माहितीवर जाऊ नये.

आता बाबा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलेल्या माणसाला पोरगी बेंचवर बसलेली बघवत नाही, हे मी समजू शकते. पण त्यांच्या बोलण्यात अभ्यासाची काळजी किती आणि दुखावलेला अभिमान किती, हे त्यांनीच तपासावं. पहिल्या सेमिस्टरच्या ग्रेड्स तुम्ही पत्रात लिहिल्याच नाहीत! त्या चांगल्या असतील, तर बाबांच्या म्हणण्यात फारसा दम नाही. घसरल्या असतील, तर आहे, कारण पुढच्या वर्षी स्टॅटिक्स, थर्मोडायनॅमिक्स सुरू होईल. नियमाने सीझनमध्ये सरावासाठी आठवड्याला 20 तास ठरलेले आहेत, पण बसचा प्रवास आणि फिजिओकडचा वेळ त्यात धरत नाहीत. लॅब आणि सराव एकाच वेळी येत असतील, तर खेळाडूंसाठीच्या अकॅडमिक अॅडव्हायजरला आत्ताच गाठावं.

डिग्री महत्त्वाची कशी, तर अमेरिकेच्या नेओमी गिर्माचं बघा. तीही सेंटर-बॅक. स्टॅनफर्डकडून 2019 ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, 2020 मध्ये गुडघ्यातली एसीएल ही लिगामेंट फाटली, परत येऊन 2022 मध्ये एनडब्ल्यूएसएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला लीगच्या ड्राफ्टमध्ये (क्लब पाळीपाळीने नव्या खेळाडू निवडायचे तिथे) पहिली निवडली गेली. 2025 मध्ये चेल्सीने तिच्यासाठी 10 लाख डॉलरहून जास्त मोजले, महिला फुटबॉलमध्ये तोवर एवढे कोणी मोजले नव्हते. तरी मधल्या काळात तिने बॅचलर्स पुरी केली आणि मास्टर्सही केलं. सगळ्या मुली गिर्मा होत नाहीत, आणि गुडघा तर कोणाचाही जाऊ शकतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. आता ड्राफ्टही बंद झालाय, क्लब थेट करार करतात आणि जागा मोजक्याच असतात. त्यामुळे इंजिनिअरिंग हेच तिचं मुख्य करिअर धरून चाला. पण त्यासाठी आजच सॉकर सोडायची गरज नाही.

खरी चाचणी स्प्रिंगमध्ये, म्हणजे वसंतातल्या सेमिस्टरमध्ये, होईल. तेव्हा सामने मोजके असतात, निकालाचं दडपण नसतं, सीनिअर बऱ्याचदा खेळत नाहीत आणि कोच नव्या जोड्या लावून बघतात. उन्हाळ्यासाठी यूएसएल डब्ल्यू लीग या उन्हाळी महिला लीगमधल्या जवळच्या टीमच्या ट्रायआउट्स शोधायला तिला आत्तापासून सांगा; कॉलेजच्या मुली तिथे खेळतात आणि त्यांची एलिजिबिलिटी (कॉलेजकडून खेळण्याची पात्रता) जात नाही. तिथे तिला सलग 90 मिनिटं खेळायला मिळाली, तर तो व्हिडिओ इथल्या कोचला दाखवायला आणि वेळ आलीच तर पोर्टललाही उपयोगी पडेल.

कोचशी बोलणं झालं आणि ग्रेड्स हातात आल्या, की पुन्हा लिहा. या वेळी मुलीलाच लिहू द्या.