गोरान इव्हानिसेविच फक्त एका विम्बल्डनपुरताच होता का?

नाही हो, असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. क्रोएशियातल्या स्प्लिट शहरातला हा डावखुरा टेनिसपटू 1994 ला जगात दोन नंबरवर होता, 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सिंगल्स आणि डबल्स दोन्हीत ब्राँझ, करिअरमध्ये सिंगल्सची 22 टायटल्स. आणि सर्व्हिस तर अशी की समोरच्याला रॅकेट हलवायलाही वेळ मिळायचा नाही, करिअरमध्ये दहा हजारांवर एस (समोरच्याच्या रॅकेटला न लागता थेट पॉइंट देणारी सर्व्हिस) मारलेत त्याने!

पण विम्बल्डन काही हाती लागेना. 1992 ला फायनलमध्ये अगासीकडून हरला, 1994 आणि 1998 ला सॅम्प्रसकडून. मग खांदा गेला, रँकिंग पार 125 वर घसरलं आणि 2001 ला आयोजकांनी वाइल्ड कार्ड, म्हणजे रँकिंग पुरेसं नसतानाही खास प्रवेश, दिलं म्हणून तो खेळू तरी शकला. मोया, रॉडिक, सॅफिन सगळ्यांना हरवलं, हेन्मनसोबतची सेमीफायनल पावसामुळे तीन दिवस चालली, म्हणून फायनल सोमवारी.

समोर ऑस्ट्रेलियाचा राफ्टर, पाचव्या सेटमध्ये 8-7, सर्व्हिस गोरानची. मॅच पॉइंटवर (एक पॉइंट मिळाला की मॅच जिंकली) डबल फॉल्ट, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकून पॉइंट गेला, परत मॅच पॉइंट परत डबल फॉल्ट, तिसरा राफ्टरने लॉब (डोक्यावरून उंच फटका) मारून वाचवला, आणि चौथ्यावर राफ्टरचा रिटर्न नेटमध्ये! 9-7. वाइल्ड कार्डवर येऊन विम्बल्डन सिंगल्स जिंकलेला तो आजही एकमेव पुरुष आहे. 2004 ला रिटायर झाला, पुढे कोच म्हणून 2014 ला क्रोएशियाच्याच सिलिचला यूएस ओपन जिंकून दिली, नंतर जोकोविचसोबत बरीच वर्षं होता. माझ्या मते तरी त्या काळातला सगळ्यात थरारक खेळाडू हाच.